दारातली खुर्ची आणि त्रेसष्ट ठिपके

तुम्ही कधी घरी पापड लाटून उन्हात वाळत घातले आहेत का? पोळपाटावर असतो तोवर पापड अगदी सपाट दिसतो. संध्याकाळी गच्चीवरून उचलायला जावं, तर कडा वर आलेल्या, मध्ये खोलगट, आणि एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. हाताने दाबून सरळ करायला गेलं की तो सरळ होत नाही, मोडतो.

आज मी तुम्हाला जी गोष्ट सांगणार आहे ती पापडाची नाही. ती एका छोट्या मशीनची आणि त्याच्यावर ठेवलेल्या पोस्टकार्डाहूनही लहान अशा एका पाटीची आहे. आणि खरं सांगायचं तर ती माझ्या आईची आहे. पण पापड लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आम्ही बडोद्याचे मराठी. माझे बाबा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये फिटर होते. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. आई आता शहात्तर वर्षांची आहे. तिला कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं, पण किती कमी येतं हे कळलं नव्हतं, कारण इतकी वर्षं तिचे कान बाबाच होते. बेल वाजली की ते उठायचे, फोन आला की ते घ्यायचे, कुणी काही बोललं की तिच्याकडे वळून तेच पुन्हा सांगायचे. बाबा गेले तेव्हा आईचे कानही त्यांच्याबरोबर गेले, हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

मी आणि माझे यजमान दोघंही नोकरी करतो. मुलगा आठवीत आहे, दुपारी सव्वादोनला शाळेतून येतो. मागच्या वर्षी दोनदा असं झालं की तो बेल वाजवत राहिला आणि आई आत झोपलेली. एकदा शेजारच्या बेननी त्याला आपल्याकडे बसवून जेवायला घातलं. गॅसवालाही सिलिंडर परत घेऊन गेला. मी संध्याकाळी घरी आल्यावर आईला रागावले नाही, पण चेहरा लपवता आला नसावा. ती एवढंच म्हणाली, "अगं, वाजलीच नाही बेल."

नंतर बेलची तक्रार बंद झाली. मला वाटलं, प्रश्न सुटला. एक दिवस जेवताना मुलगा सहज बोलून गेला, "आई, आजी दुपारी झोपतच नाही आता. मी येतो तेव्हा दारातच बसलेली असते."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून दीड वाजता घरी आले. दार उघडं होतं, जाळीचं दार फक्त लावलेलं. आत, दारासमोर, बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून आई बसली होती. बेल ऐकू येत नाही तर निदान माणूस तरी दिसेल, म्हणून. रोज साडेबारापासून. मला बघून दचकली, आणि चोरी पकडली गेल्यासारखी म्हणाली, "काही नाही गं, वारा छान येतो इथे."

मित्रांनो, त्या खुर्चीने मला रात्रभर झोपू दिलं नाही.

बेल वाजली की दिवा लागावा, असं यंत्र बाजारात तयार मिळतं. ते घेण्यात काहीच कमीपणा नाही, आणि तुम्हाला गरज असेल तर खुशाल घ्या. मला मात्र हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि आईच्या खोलीत असे तीन दिवे हवे होते, तेही वीसेक सेकंद उघडझाप करणारे. आणि मनातलं सांगू? आठ महिन्यांपूर्वी हट्टाने घेतलेलं एक छोटं सीएनसी मशीन घरात होतं आणि त्यावर मी आतापर्यंत फक्त नावाच्या पाट्या कोरल्या होत्या. फिटरच्या मुलीने एवढ्यावरच थांबायचं?

सीएनसी म्हणजे संगणक सांगेल तसं फिरणारं कोरायचं यंत्र. छंदासाठी घेतात त्या मशीनला ३०१८ म्हणतात, कारण त्याचं टेबल साधारण ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत काम करतं. डावी-उजवी, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांना ते सरकतं. मधोमध एक मोटर, तिच्या टोकाला कोरायचं टोकदार पातं, ज्याला आम्ही बिट म्हणतो. मशीनचा मेंदू म्हणजे हातात मावेल एवढं सर्किट, आणि त्यात जीआरबीएल नावाची फुकट मिळणारी प्रणाली. २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ती सुरू केली आणि आज जगभरच्या हौशी लोकांची यंत्रं तिच्यावर चालतात.

दिव्याचं सर्किट अगदी साधं होतं. ५५५ नावाची आठ पायांची एक चिप असते. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये तिची रचना केली, ती १९७२ मध्ये बाजारात आली आणि अजून विकली जाते. तिला १८० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की एकदा बटण दाबल्यावर ती साधारण २० सेकंद चालू राहते. दुसरी तशीच चिप दिव्याची उघडझाप करते. सगळं १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर. घरातल्या २३० व्होल्टच्या तारांना मी हात लावला नाही. जुनी बेल काढायला इलेक्ट्रिशियनलाच बोलावलं. तुम्हीही तसंच करा.

आता हे सगळे भाग बसवायला पीसीबी हवा, म्हणजे तीच ती पाटी. फायबरच्या १.६ मिलिमीटर जाड पाटीवर तांब्याचा पातळ थर चिकटवलेला असतो. किती पातळ? ०.०३५ मिलिमीटर. आपला केससुद्धा बहुधा त्याहून जाड असतो. मशीनने त्या तांब्यात बारीक चर कोरायचे, म्हणजे चरांच्या मधे उरलेलं तांबं विजेची वाट होतं. चर तांब्यापेक्षा थोडा खोल हवा, म्हणून मी खोली ठेवली ०.१ मिलिमीटर.

शून्य कुठे धरायचं हे मशीनला सांगावं लागतं. मी पाटीच्या डाव्या कोपऱ्यावर कागदाचा कपटा ठेवला, बिट हळूहळू खाली आणली, कागद अडकायला लागला तिथे थांबले, कागदाची जाडी वजा केली आणि म्हटलं, हे शून्य. मग चालू केलं.

पंचवीस मिनिटांनी जे हातात आलं ते पाहून रडावं की हसावं कळेना. डावा कोपरा सुरेख. मधल्या भागात तांब्यावर ओरखडासुद्धा नाही, बिट हवेतच फिरून आलेली. आणि उजव्या मागच्या कोपऱ्यात इतकं खोल खणलेलं की तिथल्या बारीक वाटा जवळजवळ नाहीशा झालेल्या.

मी पाटी बदलली. चारी कोपरे क्लॅम्पने आणखी घट्ट आवळले. पुन्हा तेच, उलट मधला भाग जास्तच बिघडला. तिसऱ्या वेळी सगळी कोरणी थोडी खोल केली, म्हणजे मधला भाग तरी कापला जाईल. मधला भाग कापला गेला, पण उजवा कोपरा पूर्ण वाया गेला.

इथे थोडं गणित सांगते, कंटाळू नका. माझी बिट शंकूच्या आकाराची होती, ६० अंशांची, टोक ०.१ मिलिमीटरचं. अशी बिट जितकी खोल जाईल तितका चर रुंद होतो. ०.१ मिलिमीटर खोल गेली तर चर सुमारे ०.२२ मिलिमीटर रुंद. तीच ०.३२ खोल गेली तर चर ०.४७ रुंद. म्हणजे अर्धा मिलिमीटर रुंदीची तांब्याची वाट दोन्ही बाजूंनी खाल्ली जाऊन निम्मीच उरते. वरून बघताना जो फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही, तो एवढा घोटाळा करतो.

त्या रात्री मी बाबांची ट्रंक उघडली.

बाबांची हत्यारं आईने तेल लावून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहेत. त्यात त्यांचा डायल होता. घड्याळासारखी तबकडी, खाली एक छोटी दांडी. दांडी ०.०१ मिलिमीटर जरी दबली तरी काटा एक घर सरकतो. लहानपणी मी तो कानाला लावून बघायचे, टिकटिक येते का म्हणून.

बाबा सांगायचे, जगात सपाट असं काही नसतं, सपाट करावं लागतं. त्यांच्या टूलरूममध्ये लोखंडी सरफेस प्लेट होती. त्या प्लेटला निळा रंग लावून दुसरी वस्तू तिच्यावर घासायची, वस्तूला जिथे निळं लागेल तो उंचवटा, तो हाताने खरवडायचा, पुन्हा निळा, पुन्हा खरवडणं. आठवडा लागायचा. मग ती पहिली सपाट प्लेट तरी कशी केली? तीन प्लेट घेऊन एकमेकींवर आळीपाळीने तपासायच्या. दोनच घेतल्या तर एक फुगीर आणि एक खोलगट अशा जोडीने फसवतात, तिसरी आली की लबाडी उघडी पडते. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ही रीत विद्वानांच्या सभेत मांडली होती. बाबांना ते साल माहीत नव्हतं, पण रीत हातात होती.

मी डायल मशीनला बांधला आणि पाटीवरून फिरवला. मुलगा आकडे वहीत लिहीत होता. डाव्या कोपऱ्याला शून्य धरलं तर उजवा मागचा कोपरा ०.२२ मिलिमीटर वर, मधला भाग ०.१६ खाली. म्हणजे उंच आणि सखल यांत ०.३८ मिलिमीटरचा फरक, आणि मला कोरायचं होतं ०.१!

"आई, हा तर पापड आहे," मुलगा म्हणाला.

आता कळलं ना पापड का लक्षात ठेवायला सांगितला होता? पाटी वाकलेली, तिच्याखालचा लाकडी तुकडा वाकलेला, मशीनचं टेबलही एका बाजूला किंचित कललेलं. मी क्लॅम्प आवळून पापड दाबायला बघत होते.

बाबांच्या पद्धतीने सपाट करायचं तर माझ्याकडे आठवडा नव्हता आणि त्यांचे हातही नव्हते. एका कोपऱ्याखाली कागदाचं पॅकिंग देऊन पाहिलं. तो कोपरा जमला, मध्य तसाच. तेव्हा दुसरा रस्ता सापडला. सपाट नाही ना? नसू दे. कुठे किती उंच आहे ते आधी मोजायचं आणि मशीनलाच त्याप्रमाणे वर-खाली चालायला सांगायचं. याला प्रोबिंग आणि ऑटो-लेव्हलिंग म्हणतात. कॅंडल किंवा बीसीएनसी यांसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते.

रीत ऐकाल तर गंमत वाटेल. मशीनच्या सर्किटमध्ये प्रोबसाठी दोन टोकं असतात. एकाला जोडलेली चिमटा-तार पाटीच्या तांब्याला लावायची, दुसरी बिटला. मोटर बंद ठेवायची. मग बिट अगदी सावकाश खाली येते. ज्या क्षणी टोक तांब्याला टेकतं, त्या क्षणी हाताला जाणवणारही नाही इतकी कमी वीज त्यातून वाहते, मशीन तिथल्या तिथे थांबतं आणि उंची लिहून घेतं. वर उचलतं, पुढच्या ठिपक्यावर जातं, पुन्हा टेकतं. आंधळा माणूस काठीने रस्ता चाचपतो ना, तसं. मशीनच्या भाषेत या हुकमाला जी ३८.२ म्हणतात.

माझी पाटी ८० बाय ६० मिलिमीटरची. दर १० मिलिमीटरवर एक ठिपका म्हटलं तर एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला सात, असे त्रेसष्ट ठिपके. एका ठिपक्याला आठेक सेकंद. म्हणजे साधारण साडेआठ मिनिटांत पूर्ण पाटीचा नकाशा.

पहिल्याच प्रयत्नात बिट मोडली. चूक माझीच. चिमटा तांब्यावरून निसटला होता आणि मी पाहिलंच नाही. मशीन बिचारं टेकण्याची वाट बघत खाली जातच राहिलं आणि टोक कट्कन तुटलं. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला. सुरू करण्याआधी बिटचा चिमटा हाताने तांब्याला लावून बघायचा आणि पडद्यावर टेकल्याची खूण येते का ते तपासायचं. खूण आली तरच पुढे. तांबं काळपट झालं असेल तर आधी भांडी घासायच्या स्कॉच-ब्राइटने स्वच्छ घासायचं, नाहीतर टेकूनही मशीनला कळत नाही.

तुमच्यापैकी कुणी हे करणार असाल तर आणखी चार गोष्टी सांगून ठेवते. पाटी खाली पूर्ण पृष्ठभागावर दुहेरी टेपने चिकटवा. नुसते कोपरे आवळले तर मध्य बिटखाली दबतो आणि मोजमाप खोटं ठरतं. नकाशा काढल्यावर पाटी हलली तर तो नकाशा रद्द समजा, आणि बिट बदलली तर निदान शून्य तरी पुन्हा घ्या. मोटर सुरू करण्याआधी बिटवरचा चिमटा काढायला विसरू नका, नाहीतर तार गरगर गुंडाळली जाईल. आणि फायबरची धूळ फुप्फुसांना वाईट असते, तेव्हा मास्क, चष्मा आणि मुलांबरोबर मोठं माणूस, हे तिन्ही हवंच.

दुसऱ्या वेळी नीट जमलं. टुक... टुक... टुक... मी आणि मुलगा स्टुलावर बसून ठिपके मोजत होतो. आई चहा घेऊन आली आणि तीही बसली. त्रेसष्टावा ठिपका झाला आणि पडद्यावर पाटीचा रंगीत नकाशा उभा राहिला. उंच भाग एका रंगाचा, सखल दुसऱ्या. कोपरे वर, मध्य खाली. हुबेहूब पापड.

आईने विचारलं, "आता हे सरळ करणार का?"

मी मोठ्याने म्हटलं, "नाही आई, हे आहे तसंच राहणार. मशीन याच्याप्रमाणे चालणार."

आतमध्ये काय होतं तेही सांगते. चार ठिपक्यांच्या मधल्या जागेची उंची त्या चार ठिपक्यांवरून हिशोबाने काढली जाते. कोरायच्या लांब सरळ रेघांचे छोटे छोटे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याला त्याची त्याची उंची जोडली जाते. मूळ आराखडा बदलत नाही, फक्त प्रत्येक जागी किती खाली जायचं ते बदलतं. पंचवीस मिनिटांनी पाटीवर एकसारखे, केसासारखे चर. मी बोट फिरवून पाहिलं. बाबाही आधी बोटच फिरवायचे.

भोकं पाडली, भाग बसवले, डाग दिले. दाराबाहेर नवं बटण, आत जाड आवाजाचा बझर आणि तीन खोल्यांत तीन दिवे. रविवारी संध्याकाळी मुलाने बटण दाबलं, तिन्ही दिवे लुकलुकले, आम्ही टाळ्या वाजवल्या. मी खुर्ची उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज तुम्हाला लिहायला बसले नसते.

बुधवारी मुलगा म्हणाला, "आजी परत खुर्चीवर बसते."

मला खरंच राग आला. एवढे कष्ट केले, तिला विश्वास म्हणून नाही! रात्री तिच्या जवळ बसून विचारलं. ती आधी काहीच बोलेना. मग म्हणाली, "दिवा छान आहे गं. पण मला दिसत नाही तो."

मी उठून बघितलं. स्वयंपाकघरातला दिवा मी कपाटाच्या वर लावला होता, उभं राहिलं की समोर दिसेल असा. माझ्या उंचीला. आई चार फूट दहा इंच, आणि भाजी चिरते खाली पाटावर बसून, कपाटाकडे पाठ करून. तिच्या खोलीतला दिवा पलंगाच्या डोक्याशी. ती भिंतीकडे कूस करून झोपते. हॉलमधला दिवा टीव्हीच्या बाजूला. दुपारी ती टीव्ही लावतच नाही, खिडकीशी वाती वळत बसते.

त्रेसष्ट ठिपके मोजणाऱ्या बाईने आईला एकदाही विचारलं नव्हतं की तू बसतेस कुठे. डाव्या कोपऱ्यात एकदा शून्य धरून सगळं घर सपाट समजून मोकळी झाले होते.

मग आम्ही घराचं प्रोबिंग केलं. हो, तेच. आईला म्हटलं, "तू दिवसभरात जिथे जिथे बसतेस तिथे जाऊन बस, नेहमीसारखी." मुलगा बाहेर बटण दाबत होता, मी वहीत लिहीत होते. पाटावर, नाही. ओट्याशी, दिसतो. देवासमोर, नाही. पलंगावर या कुशीवर, नाही, त्या कुशीवर, दिसतो. खिडकीशी, नाही. एकूण नऊ जागा निघाल्या आणि त्यांतल्या पाच ठिकाणांहून दिवा दिसत नव्हता. स्वयंपाकघरातला दिवा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणला, खोलीतला समोरच्या भिंतीवर लावला, हॉलमधला खिडकीच्या चौकटीत. पाटी तीच, सर्किट तेच. फक्त जागा बदलल्या.

त्याच आठवड्यात मी आईचं कपाट आवरताना तिचं श्रवणयंत्र सापडलं, डबीत, सेलशिवाय. तीन वर्षांपूर्वी घेतलेलं. ती म्हणायची, "नुसता गलका वाढतो, शब्द कळत नाही." आम्ही समजायचो, सवय नाही. घेतल्यानंतर पुन्हा तपासायला न्यायचं आमच्याकडूनच राहिलं होतं.

या वेळी तिला श्रवणतज्ज्ञांकडे घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून, कानावर हेडफोन लावून, त्यांनी एकेक सूर अगदी हळू आवाजापासून ऐकवायला सुरुवात केली. ऐकू आला की आईने बटण दाबायचं. २५० हर्ट्झच्या जाड सुरापासून ८००० हर्ट्झच्या बारीक सुरापर्यंत, ठिपका ठिपका करत कागदावर रेघ उतरत गेली. मी काचेबाहेरून बघत होते आणि माझ्या कानात टुक... टुक... वाजत होतं. हा तर आईच्या कानाचा नकाशा!

त्यांनी समजावलं. वयामुळे ऐकू येणं सगळीकडे सारखं कमी होत नाही. बहुतेकांचे आधी बारीक, उंच सूर जातात. आईला जाड सूर बऱ्यापैकी ऐकू येत होते, बारीक सूर फारच कमी. आमची जुनी बेल पक्ष्यासारखी चिवचिवणारी होती, म्हणजे नेमकी जिथे आईचा नकाशा सर्वांत खोल, तिथे. बोलण्यात आ, ओ, उ हे स्वर जाड आणि जोरकस, तर स, श, फ, थ हे हलके आणि बारीक. म्हणून तिला आवाज येतो, पण 'साखर' म्हटलं की काहीतरी 'आखर' ऐकू येतं. आपण ओरडतो तेव्हा स्वरच मोठे होतात. गलका वाढतो, शब्द तसाच राहतो. आई तीन वर्षं खरं तेच सांगत होती.

आम्ही सगळेच तिच्याशी एका मापाने मोठ्याने बोलत होतो. सगळी कोरणी थोडी खोल करावी तसं. मध्ये पोचत नाही म्हणून जोर वाढवला आणि कोपरा खणून ठेवला. ती चिडायची, गप्प व्हायची, उठून आत जायची. मला वाटायचं, म्हातारपणाचा स्वभाव.

यंत्र संगणकाला जोडून त्यांनी तिच्या नकाशाप्रमाणे लावून दिलं. जिथे कमी येतं तिथे जास्त, जिथे येतं तिथे थोडंच. म्हणाले, कान तरुण होणार नाहीत, गर्दीत त्रास होणारच, आणि सवयीला काही आठवडे लागतील. घरी बोलताना समोर येऊन, चेहरा दिसेल असं, सावकाश बोला. ओरडू नका.

आई अजूनही यंत्र दिवसातून चार-पाच तासच लावते. दुपारी झोपताना काढून ठेवते. म्हणून दिवे हवेतच.

तुम्हाला वाटेल, आता सगळं छान झालं असेल. तसं नाही. मी अजून कधी कधी आतल्या खोलीतून हाक मारते आणि उत्तर आलं नाही की आवाज चढतो. मग आठवतं, उठून तिच्यासमोर जाते. एवढ्या दोन पावलांनी किती भांडणं वाचतात, हे तुमच्या घरी असं कुणी असेल तर करून बघा. आणि कान तपासले नसतील तर तपासून घ्या. आधीच यंत्र घेतलेलं असेल आणि ते डबीत पडलं असेल, तर त्या माणसाला दोष देण्याआधी ते त्याच्या कानाप्रमाणे लावलंय का, ते विचारा.

परवा मला बरं नव्हतं म्हणून दुपारी घरीच होते. सव्वादोनला दिवा लुकलुकायला लागला. मी उठणार तेवढ्यात आई पाटावरून गुडघ्यावर हात ठेवून उठली, पदराला हात पुसले आणि दार उघडायला गेली. बाहेरून मुलाचा आवाज आला, "आजी, आज झोपली होतीस का?"

"झोपले होते की, तासभर," ती म्हणाली. "आत्ताच उठून कोथिंबीर निवडायला बसले."

खुर्ची बाल्कनीत आहे. तिच्यावर आता वाळवणाचं ताट असतं. या वर्षीचे पापड आईने आणि मुलाने मिळून लाटले. एकही सरळ वाळलेला नाही.